कापसाच्या शेतातून दप्तरखान्याकडे : संग्रहातील किडींच्या पाहणीसाठी कामगंध सापळे

परभणी जिल्ह्यातील कापूस उत्पादकाला कामगंध सापळा नवा नाही. कपाशीला पाते लागू लागले की हेक्टरी पाच सापळे उभे करायचे, त्यांत गुलाबी बोंडअळीच्या मादीचा कृत्रिम गंध असलेली ल्युर बसवायची, अडकलेले नर पतंग मोजायचे आणि सलग तीन दिवस दर सापळ्यामागे आठ किंवा त्याहून अधिक पतंग सापडले तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे समजून उपाय योजायचा, ही पद्धत २०१७च्या बोंडअळीच्या उद्रेकानंतर मराठवाड्यात गावोगाव पोहोचली. परभणीत १९७२ मध्ये स्थापन झालेले आणि आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ हाच सल्ला दर हंगामात देत असते. याच तत्त्वावर चालणारे, परंतु निराळ्या किडींसाठी बनवलेले सापळे जगभरची वस्तुसंग्रहालये, ग्रंथालये आणि अभिलेखागारे आपल्या दालनांत लावतात. आणि ज्या जिल्ह्यात सापळ्यातील पतंग मोजण्याची सवय शेतकऱ्याच्या हाताला लागली आहे, तेथील ग्रंथपालाला, मठाच्या व्यवस्थापकाला किंवा अभिलेख कक्षातील कर्मचाऱ्याला ती पद्धत उचलणे मुळीच अवघड नाही.

परभणीचा वारसा म्हटला की जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची देवळे किंवा गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी उभे असलेले धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर डोळ्यांपुढे येते. दगडाला कीड लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ज्याला कीड लागते त्या वारशाकडे तितकेसे लक्ष जात नाही. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे येथील जुने कागद मोडी, उर्दू आणि फारसी अशा तीन लिप्या-भाषांत विखुरलेले आहेत. ते सरकारी दप्तरांत आहेत, तसेच देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत, मठांत आणि दर्ग्यांतही आहेत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा मराठवाड्यात निजामकालीन दप्तरे धुंडाळली गेली, आणि अशा एकेका कागदावर किती माणसांचे किती अवलंबून असू शकते हे सर्वांच्या लक्षात आले. कागदांखेरीज कापडात बांधलेल्या पोथ्या आहेत, घोंगड्या आणि पगड्या आहेत, हिमरूच्या शाली आहेत, लाकडी देव्हारे आहेत, आणि महाविद्यालयांच्या कीटकशास्त्र विभागांत टाचण्यांना टोचून ठेवलेल्या कीटकांच्या पेट्याही आहेत. या सगळ्या वस्तूंचा बहुतेक काळ मिटलेल्या अवस्थेत जातो. रुमालात बांधलेले दप्तर वर्षानुवर्षे सोडले जात नाही, आणि ते सोडले जाईपर्यंत आत काय चालले आहे हे डोळ्यांना कळण्याचा मार्ग नसतो. सापळ्याचा उपयोग येथे आहे : रुमाल न सोडता, कपाट न हलवता, खोलीत कोणती कीड फिरते आहे याची खबर तो देतो.

कीटक आपल्याच जातीच्या दुसऱ्या कीटकाला संदेश देण्यासाठी शरीराबाहेर रसायन सोडतो. शास्त्रीय परिभाषेत याला फेरोमोन म्हणतात आणि त्याचे अनेक प्रकार आहेत. पैकी मीलनासाठी, बहुधा मादीकडून सोडला जाणारा गंध तो कामगंध. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ ब्यूटेनांट यांनी सुमारे पाच लाख रेशीम-पतंगांच्या माद्यांपासून असा पहिला गंध वेगळा करून त्याची रचना १९५९ मध्ये जाहीर केली. संग्रहांना उपद्रव देणाऱ्या भुंगेऱ्यांचे गंध त्यानंतर दोन दशकांत हाती आले. बिस्किट-भुंगेऱ्याचा स्टेगोबिनोन आणि तंबाखू-भुंगेऱ्याचा सेरिकॉर्निन यांची ओळख १९७०च्या दशकाच्या अखेरीस पटली. हा गंध प्रयोगशाळेत तयार करून रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या लहान तुकड्यात मुरवला की ल्युर तयार होते; ती चिकट पृष्ठभाग असलेल्या पुठ्ठ्याच्या घडीत ठेवली की नर तिच्याकडे येतो आणि चिकटतो.

या रचनेतून दोन मर्यादा उघड होतात आणि सापळा विकत घेण्यापूर्वी त्या समजून घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की गंध एकाच जातीचा किंवा अगदी जवळच्या जातींचा असतो. परभणीच्या कृषी सेवा केंद्रात मिळणारी बोंडअळीची गॉसिप्लुर किंवा घाटेअळीची ल्युर ग्रंथालयात टांगून काहीही साधणार नाही, कारण पोथी खाणाऱ्या भुंगेऱ्याला त्या गंधाचा अर्थच लागत नाही. शिवाय शेतात वापरला जाणारा, खाली प्लॅस्टिकची लांब पिशवी असलेला नरसाळे सापळा दालनासाठी सोयीचाही नाही. दुसरी मर्यादा अशी की सापळ्यात प्रौढ नर सापडतो, तर नुकसान अळी करते आणि अंडी मादी घालते. म्हणून सापळ्याने कीड आटोक्यात येईल ही अपेक्षा बाळगू नये. शेतकऱ्यांना सर्वेक्षणासाठी हेक्टरी पाच आणि नर मोठ्या प्रमाणावर पकडण्यासाठी हेक्टरी वीस सापळे असा फरक करून सांगितला जातो. संग्रहाच्या बाबतीत तर पहिलाच हेतू मनाशी धरावा. सापळा मोजण्यासाठी आहे, मारण्यासाठी नाही, हे ज्याच्या मनात पक्के नसते तो चार महिने सापळे लावून ‘किडे पकडले’ या समाधानात राहतो आणि कपाटातली अळी आपले काम करीत राहते.

परभणीच्या परिस्थितीत सर्वांत आधी ज्याचा सापळा लावावा तो तंबाखू-भुंगेरा, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. नावात तंबाखू असली तरी हा कीटक हळद, सुकी मिरची, धने, सुंठ अशा साठवणीच्या मालावर सुखाने वाढतो, आणि जुन्या पुस्तकांच्या बांधणीतील खळ, म्हणजे पिठाचा चिकट लगदा, त्याला तितकीच मानवते. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेले आणि आता हिंगोली जिल्ह्यात गेलेले वसमत ही हळदीची मोठी बाजारपेठ आहे. परभणीच्या तालुक्यांतही हळदीची साठवण होते. ज्या वाचनालयाच्या भिंतीला लागून किराणा-मसाल्याचे दुकान आहे किंवा ज्या वाड्याच्या एका खोलीत पोथ्या आणि शेजारच्या खोलीत हळदीची पोती आहेत, तेथे हा भुंगेरा दोन्हीकडे ये-जा करू शकतो, आणि मग पुस्तकांवर कितीही मेहनत घेतली तरी पोत्यांतून नवी पिढी येतच राहते. सापळ्यातील आकडे वाढले की प्रथम पुस्तकांकडे न पाहता भिंतीपलीकडे काय साठवले आहे हे पाहावे, असे म्हणण्याइतकी ही शक्यता मोठी आहे. तंबाखू आणि मसाल्याच्या उद्योगांत या भुंगेऱ्याचे सापळे नित्य वापरले जात असल्यामुळे ते मिळवणेही इतर सापळ्यांच्या मानाने सोपे जाते.

त्याचा जोडीदार म्हणजे बिस्किट-भुंगेरा, स्टेगोबियम पॅनिसियम. दोघेही दोन ते तीन मिलिमीटर लांबीचे, तांबूस तपकिरी, डोके खाली वाकवून छातीखाली दडवलेले. नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. दहापट मोठे दाखवणारे हातभिंग घेऊन सापळ्यावरील कीटक पाठीच्या बाजूने पाहिला तर फरक स्पष्ट होतो. बिस्किट-भुंगेऱ्याच्या पंखांच्या कठीण आवरणावर लांबीच्या दिशेने सरळ खोदल्यासारख्या रेघा असतात आणि शृंगिकेची, म्हणजे डोक्यावरील स्पर्शेंद्रियाची, शेवटची तीन पेरे मोठी झालेली असतात. तंबाखू-भुंगेऱ्याचे आवरण गुळगुळीत, बारीक लव असलेले आणि शृंगिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत करवतीच्या दात्यांसारखी असते. ही ओळख करून घेण्यास एक दुपार पुरते, आणि तिच्यावाचून नोंदवहीतील आकड्यांना अर्थ राहत नाही, कारण दोघांच्या ल्युर वेगळ्या आहेत आणि एकाच्या सापळ्यात दुसरा चुकून आलेला असू शकतो. प्रौढ भुंगेरा जवळपास काही खात नाही. अळी पुठ्ठ्यात आणि पानांत वाटोळे बोगदे करीत जाते आणि प्रौढ झालेला कीटक एक-दीड मिलिमीटरचे गोल भोक पाडून बाहेर पडतो. तीस अंशांच्या आसपासचे तापमान आणि दमट हवा मिळाली, म्हणजे परभणीच्या पावसाळ्यात मिळते तशी, तर तंबाखू-भुंगेऱ्याची अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ सुमारे महिन्याभरात पूर्ण होते. याचा अर्थ असा की आज सापळ्यात दिसणारा नर हा गेल्या महिन्या-दोन महिन्यांत आधीच झालेल्या नुकसानाचा पुरावा आहे आणि याच आठवड्यात कुठेतरी पुढच्या पिढीची अंडी घातली जात आहेत.

लोकरीच्या वस्तूंसाठी कापड-पतंगाचा सापळा लागतो. घरोघर ज्याला सरसकट ‘कसर’ म्हटले जाते त्यात अनेक कीटक येतात. येथे अभिप्रेत आहे तो टिनिओला बिसेलिएला हा सहा-सात मिलिमीटरचा, गवती सोनेरी रंगाचा पतंग, जो उजेड टाळतो आणि कपाट उघडताच उडण्यापेक्षा धावत घडीत शिरतो. त्याची अळी केराटिन पचवू शकते. केराटिन हे लोकर, केस, पिसे यांतील प्रथिन होय. म्हणून घोंगडी, लोकरी शाल, मोरपिसांचा कुंचा, केसाळ कातडे यांना तिचा धोका असतो, तर स्वच्छ सुती कापडाला सहसा नसतो. मानवत आणि सेलूसारख्या गावांत, जेथे जिनिंग कारखाने आहेत, तेथे एक गफलत हमखास होण्यासारखी आहे : सरकीतून बाहेर पडलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग हिवाळ्यात दिव्याकडे येतात आणि दालनातील साध्या चिकट सापळ्यावर सापडले तर कापड-पतंग म्हणून नोंदवले जाऊ शकतात. बोंडअळीचा पतंग गडद करडा-तपकिरी आणि पंखांवर काळसर ठिपके असलेला असतो; कापड-पतंगाच्या पंखांवर ठिपके नसतात आणि डोक्यावर तांबूस केसांचा विस्कटलेला झुपका असतो. धान्याच्या कोठारातील पतंगांशीही असाच घोटाळा होतो. शंका आली की सापळ्याचा तुकडा जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात दाखवून घ्यावा; ही सोय परभणीला हाताशी आहे आणि तिचा उपयोग न करणे हे संग्रहाचे नुकसान आहे.

गालिचा-भुंगेरे, म्हणजे अँथ्रेनस आणि अटॅजीनस या प्रजातींतील कीटक, लोकर, पिसे, कातडे यांच्याबरोबर वाळलेले कीटकही खातात. कृषी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी परिश्रमाने जमवलेल्या कीटकपेट्यांत टाचणीच्या बुडाशी तपकिरी पूड दिसली की अँथ्रेनसची केसाळ अळी आत आहे असे समजावे. यांच्यासाठीही ल्युर मिळतात, पण प्रत्येक जातीचा गंध वेगळा असल्यामुळे कोणती जात आहे हे आधी ठाऊक असावे लागते. त्याहून सोपा मार्ग असा की या भुंगेऱ्यांचे प्रौढ परागकण खाण्यासाठी फुलांकडे जातात, त्यामुळे ते उजेडाच्या दिशेने येऊन खिडकीच्या कठड्यावर मरून पडलेले आढळतात. दर आठवड्याला खिडक्यांचे कठडे तपासून तेथील मेलेले कीटक मोजणे ही फुकटची आणि भरवशाची नोंद आहे. वाड्याच्या छपरात पारव्यांची आणि चिमण्यांची घरटी असतील तर गालिचा-भुंगेरे आणि कापड-पतंग तेथे पिसांवर वाढतात आणि खाली उतरतात. पिल्ले उडून गेल्यावर रिकामी घरटी काढणे हा दालनातील कोणत्याही उपायाइतकाच महत्त्वाचा उपाय आहे.

ज्या किडींना कामगंध सापळा चालत नाही त्यांचाही विचार करावा लागतो, कारण सापळा रिकामा म्हणजे दालन निर्धोक अशी समजूत फार घातक ठरते. वाळवीसाठी भिंतीच्या पायथ्याशी, चौकटीमागे आणि जमिनीला टेकलेल्या कपाटांच्या पायांशी मातीचे पोपडे व नळ्या शोधाव्या लागतात. रुपेरी कसर, म्हणजे चंदेरी खवल्यांचा, शेपटीला तीन तंतू असलेला बिनपंखी कीटक, झुरळे आणि कागदावरील सूक्ष्म पुस्तक-उवा यांच्यासाठी ल्युर नसलेला साधा चिकट सापळा पुरतो. वाटेत आला म्हणून कीटक चिकटतो, इतकेच त्याचे काम. पुस्तक-उवा वाढल्या की त्या दालनात दमटपणा वाढला, हा निष्कर्ष दमटपणा मोजणाऱ्या उपकरणाइतका स्पष्ट असतो. भारतातील ग्रंथालयांत गॅस्ट्रॅलस प्रजातीचा एक भुंगेराही पुस्तके पोखरतो. त्याची ल्युर बाजारात मिळत नसल्यामुळे तेथे ताज्या भोकांचा आणि ताज्या भुशाचाच माग काढावा लागतो.

सापळे लावण्यापूर्वी दालनाचा साधा नकाशा काढावा, त्यावर दारे, खिडक्या, कपाटे, मोऱ्या आणि पाण्याचे नळ दाखवावेत आणि प्रत्येक सापळ्याला क्रमांक द्यावा. मध्यम आकाराच्या खोलीत एका जातीचा एक कामगंध सापळा पुरतो. मोठ्या दालनात सर्वसाधारणपणे आठ-दहा मीटर अंतर ठेवावे, कारण फार दाट लावले तर गंध एकमेकांत मिसळून नर नेमका कुठून आला हे कळेनासे होते. सापळा दारा-खिडकीजवळ लावू नये. तेथे लावला तर बाहेरचा कीटक आत बोलावल्यासारखे होते. कापड-पतंगाचा सापळा कपाटात किंवा छातीच्या उंचीवर अंधाऱ्या बाजूला, भुंगेऱ्यांचे सापळे मांडणीच्या कडेला आणि साधे चिकट सापळे भिंतीला घासून जमिनीवर, विशेषतः कोपऱ्यांत आणि कपाटांमागे ठेवावेत, कारण सरपटणारे कीटक मोकळ्या जागेतून न जाता भिंतीच्या कडेने जातात. कोणत्याही परिस्थितीत चिकट पृष्ठभाग वस्तूला लागता कामा नये, आणि सापळा वस्तूच्या वरच्या बाजूला टांगू नये.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते जी परदेशी पुस्तिकांत क्वचित आढळते : पाली. उघडा चिकट पत्रा जमिनीवर ठेवला की एखादी पाल त्यावर अडकून तडफडून मरते आणि तिचे कलेवर पुढे त्याच गालिचा-भुंगेऱ्यांचे अन्न होते. म्हणून दोन्ही बाजूंनी अरुंद तोंड असलेला, तंबूच्या आकाराचा डेल्टा सापळा किंवा वरून पुठ्ठ्याचे छप्पर असलेला सपाट सापळा निवडावा आणि त्याचे तोंड अर्ध्या-एक सेंटिमीटरपेक्षा उंच ठेवू नये. उन्हाळ्यातील धुळीने चिकट थर महिन्याभरात निकामी होतो. बोट टेकवून पाहावे आणि चिकटपणा गेला असेल तर पत्रा बदलावा. अडकलेले कीटक भरपूर झाले तरी पत्रा बदलावा, नाहीतर सापळाच किडींचे खाद्य बनतो.

ल्युर हाताळण्याचे नियम थोडे आहेत पण काटेकोर आहेत. न उघडलेली पाकिटे शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावीत. स्टेगोबिनोन विशेषतः साध्या तापमानात लवकर विघटित होतो. प्रत्येक जातीची ल्युर बसवताना नवे हातमोजे घालावेत, कारण एका गंधाचा अंश दुसऱ्या सापळ्याला लागला तर दोन्हींच्या नोंदी बिघडतात. ल्युर साधारण दोन ते तीन महिने काम देते. पाकिटावरील मुदत पाळावी, आणि चैत्र-वैशाखात परभणीचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो तेव्हा गंध झपाट्याने उडून जात असल्यामुळे मुदत संपण्याची वाट न पाहता आधीच बदलावी. जुनी ल्युर दालनातील केराच्या टोपलीत टाकू नये. ती तेथेही गंध सोडत राहते.

यापुढचे काम नोंदवहीचे आहे, आणि संपूर्ण पद्धतीचे मोल तिच्यातच आहे. राज्याच्या कृषी विभागाने २००९ पासून चालवलेल्या क्रॉपसॅप प्रकल्पात ठरलेल्या शेतांतील किडींच्या ठरलेल्या दिवशी नोंदी घेऊन त्यांवरून सल्ला दिला जातो. दालनासाठी तीच शिस्त हवी. पावसाळ्यात दर आठवड्याला, एरवी दर पंधरवड्याला, शक्यतो ठरलेल्या वारी सापळे पाहावेत आणि तारीख, सापळ्याचा क्रमांक, कीटकाची जात, नवे सापडलेले कीटक, तापमान व दमटपणा लिहावा. मोजलेल्या कीटकाशेजारी पेनाने ठिपका केला की पुढच्या वेळी तो पुन्हा मोजला जात नाही. काही सापडले नाही तर शून्य लिहावे; रिकामा रकाना पाहणी झाली नाही असे सांगतो, शून्य पाहणी झाली असे सांगते. ल्युर बदलल्याची तारीख ठळकपणे लिहावी, कारण ताज्या ल्युरमुळे पुढच्या आठवड्याचा आकडा फुगतो आणि नोंद नसेल तर कीड वाढली असा चुकीचा अर्थ काढला जातो. सापळ्यांचा प्रकार आणि उत्पादक वर्षभर बदलू नये. नवी देणगी आली, प्रदर्शन भरले, सतरंज्या भाड्याने आणल्या, शेजारच्या दुकानात माल उतरला, भिंत ओलावली, या गोष्टी त्याच वहीत लिहाव्यात, कारण आकडा का वाढला याचे उत्तर बहुधा याच ओळींत सापडते.

शेतातील आठ पतंगांच्या पातळीसारखी पातळी संग्रहाला लावता येत नाही. ती पातळी उपायाचा खर्च आणि वाचणारे उत्पन्न यांच्या हिशेबावर ठरते. पुढच्या हंगामात कापूस पुन्हा पेरता येतो, पण एखाद्या घराण्याची सनद किंवा मठातील एकमेव पोथी पुन्हा मिळत नाही. म्हणून बंद दालनाच्या आतल्या भागात एक नर सापडला तरी शोध सुरू करावा. दालनाच्या बाहेरच्या बाजूकडील सापळ्यात एखादा दिसला तर पुढच्या दोन पाहण्यांकडे लक्ष ठेवावे. त्याच जातीचा नर सलग दिसू लागला किंवा एकाच सापळ्याचा आकडा इतरांहून सातत्याने वर राहिला तर उगम त्याच बाजूला आहे. मग इतर सापळे तात्पुरते झाकून त्या भागात चार-पाच सापळे ओळीने मांडावेत आणि आठवडाभराने सर्वाधिक आकडा कुठे आला ते पाहून त्याच्या दोन्ही बाजूंच्या मांडण्या उघडाव्यात. पुस्तक किंवा दप्तर पांढऱ्या कागदावर उभे धरून हलके ठोकले असता भुसा पडला तर तो पुसून, नवा कागद ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. पुन्हा पडलेला भुसा हा आत जिवंत अळी असल्याचा पुरावा असतो, कारण जुन्या भोकांत अडकलेला भुसा एकदाच पडतो.

कीड सापडलेली वस्तू जागच्या जागी जाड पॉलिथिनच्या पिशवीत बंद करून मगच हलवावी. कागद, लोकर आणि कीटकपेट्या यांच्यासाठी गोठवणे हा सर्वांत स्वच्छ उपाय आहे : हवा काढून पक्की बंद केलेली पिशवी उणे अठरा अंशांच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता चोवीस तास खोलीत राहू द्यावी, म्हणजे बाष्प वस्तूवर न धरता पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरेल. भारनियमनात वीज गेली आणि पेटीतील तापमान वर आले तर दिवस पहिल्यापासून मोजावेत. तैलचित्रे, हस्तिदंत, काच आणि निरनिराळ्या पदार्थांच्या जोडणीच्या वस्तू गोठवू नयेत. त्यांच्याविषयी लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधान प्रयोगशाळेसारख्या संस्थेचा किंवा अनुभवी संरक्षकाचा सल्ला घ्यावा. पोथ्या उन्हात घालण्याची जुनी चाल शाईच्या आणि कागदाच्या दृष्टीने हानिकारक आहे. वारे द्यायचे तर सावलीत द्यावे. वेखंड, कडुनिंबाची पाने आणि डांबरगोळ्या यांनी आतली अळी मरत नाही, आणि डांबरगोळ्यांची वाफ त्याच खोलीत तासन्‌तास बसणाऱ्या माणसाला बाधते.

एका गोष्टीविषयी मात्र कोणतीही सवलत देता येत नाही. धान्य आणि हळद साठवताना वापरल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पोथ्यांच्या किंवा कपड्यांच्या कपाटात कधीही ठेवू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसाचा जीव घेतो, आणि तो तांब्याला गंजवत असल्यामुळे तांबेमिश्रित जर, पितळी कड्या, ताम्रपट यांचीही हानी होते. या गोळ्या शेतकरी कुटुंबाच्या घरात सहज सापडतात, म्हणूनच हा इशारा वाड्यांतील खासगी संग्रहांना सर्वांत आधी लागू आहे. जुन्या कीटकपेट्या आणि पेंढा भरलेल्या प्राण्यांवर पूर्वी आर्सेनिक किंवा डीडीटी लावले जात असे, त्यामुळे त्या हाताळताना हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी.

नव्याने येणारी प्रत्येक वस्तू, मग ती देणगी असो वा प्रदर्शनाहून परत आलेली, सहा आठवडे वेगळ्या खोलीत सापळ्यासह ठेवून मगच मुख्य दालनात आणावी. जिल्ह्यात सापळे प्रथमच लावायचे असतील तर मे महिन्याच्या मध्यावर लावावेत, म्हणजे मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीचे कोरड्या हवेतील आकडे हाती राहतील आणि जुलै-ऑगस्टमधील वाढ कशाच्या तुलनेत मोजायची ते कळेल. पहिल्या वर्षी तंबाखू-भुंगेरा आणि बिस्किट-भुंगेरा यांचा प्रत्येकी एक सापळा, लोकरी वस्तू असतील तर कापड-पतंगाचा एक, आणि भिंतींच्या कडेने सहा-आठ साधे चिकट सापळे एवढी तयारी तालुक्याच्या वाचनालयाला पुरते. सापळे पाहण्याचे काम एका व्यक्तीकडे लेखी सोपवावे, तिच्या रजेत कोण पाहील तेही लिहून ठेवावे, आणि नकाशा व किडींची छायाचित्रे नोंदवहीच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवावीत, म्हणजे बदलीवर आलेल्या नव्या कर्मचाऱ्याला पहिल्याच आठवड्यात पाहणी पुढे चालू ठेवता येईल.